आपल्या लायकीची लाट

(श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच सर्फिंग करू पाहणाऱ्या प्रौढ नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका)

सर्वप्रथम तो फोटो मनातून काढून टाकावा. कोणता, ते आपल्याला ठाऊक आहे. जुलै २०२४. ऑलिम्पिक पॅरिसचं, पण सर्फिंगच्या स्पर्धा तिथून १५,००० किलोमीटरहून लांब, ताहिती बेटावरच्या तेआहुपो इथे. ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना पाण्यापासून चांगला उंच, हवेत ताठ उभा, एक बोट आभाळाकडे. आणि मागे त्याचा बोर्डही तितक्याच शिस्तीत उभा. जेरोम ब्रुइये या छायाचित्रकाराने बोटीतून टिपलेला हा फोटो जगभर फिरला आणि बऱ्याच सुखवस्तू घरांत जेवणाच्या टेबलावर ‘आपणही एकदा करून बघू या’ असा ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला.

इच्छुकांना कळवण्यात येतं की, फोटो काढला त्या क्षणी मेदिना सर्फिंग करत नव्हता. लाट पुरी करून, ९.९० गुण खिशात घालून, तो मागच्या बाजूने उडी मारून बाहेर पडत होता. शिवाय तेआहुपोची लाट उथळ पाण्यातल्या प्रवाळावर फुटते. तिथे पडणाऱ्याला वाळू भेटत नाही. आपल्याला मात्र वाळू भेटणं अत्यावश्यक आहे, कारण पुढचे काही दिवस आपण प्रामुख्याने पडणारच आहोत. तेव्हा किनारा निवडताना आपण उभे कसे दिसू याचा विचार करू नये, पडू कशावर याचा करावा. पुढचं सगळं या एका कलमाचं स्पष्टीकरण आहे.

श्रीलंका कशासाठी? मुंबईहून कोलंबो विमानाने सुमारे अडीच तास. पाणी बारा महिने २७ ते २९ अंशांच्या आसपास, म्हणजे रबरी सूट घालून स्वतःला त्यात कोंबण्याचा कार्यक्रम वाचतो. आणि मुख्य म्हणजे रांगणाऱ्यांपासून उडणाऱ्यांपर्यंत सर्वांची सोय टुकटुकच्या अंतरावर आहे. गोव्यात मोरजी-आश्वे पट्ट्यात शिकवण्या चालतात, कर्नाटकात मुल्कीला तर २००४ पासून सर्फिंग रुजलेलं आहे. तिथे जाणाऱ्यांना आमचा विरोध नाही. पण तिथे ओळखीचं कुणी भेटण्याचा धोका फार.

महिना

मराठी कुटुंब दोनदा हिंडायला निघतं : दिवाळीत आणि मे महिन्यात. समुद्राला ही व्यवस्था मान्य नाही.

श्रीलंकेला दोन मोसमी वारे आळीपाळीने झोडपतात. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारा दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर तोंडावर येतो. लाटा मोठ्या, पण विस्कटलेल्या आणि गढूळ. त्याच वेळी पूर्व किनाऱ्यावर अरुगम बे इथे हंगाम जोरात असतो. नोव्हेंबरपासून पारडं फिरतं. ईशान्य मोसमी वारा पूर्वेला त्रास देतो आणि दक्षिण किनारा एप्रिलपर्यंत साफसूफ होऊन बसतो. म्हणजे दिवाळी उशिरा आली असेल तर दक्षिणेला, मे संपता संपता रजा मिळाली तर पूर्वेला. ‘हॉटेल स्वस्त मिळालं’ म्हणून जुलैत दक्षिणेला जाणाऱ्यांनी ते स्वस्त का मिळालं याचा विचार खिडकीतून पाऊस बघत करावा. त्यासाठी वेळ भरपूर मिळेल.

गंमत अशी की लाट आणि वारा ही दोन वेगळी माणसं आहेत. चांगली लाट इथली नसतेच. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या महासागरात, चाळिसाव्या अक्षांशाच्याही खाली, वादळं होतात. तिथून निघालेली उसळी पाच-सहा दिवस हिंदी महासागर तुडवत येते. येता येता तिच्यातली किरकोळ खळबळ मागे पडते आणि लांब, शिस्तीच्या, बारा-पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटा उरतात. किनाऱ्याजवळचा वारा हा स्थानिक कार्यकर्ता. त्याने एवढंच ठरवायचं की आलेल्या पाहुणीला नीट उभं राहू द्यायचं की ढकलून पाडायचं. समुद्राकडून वारा सुटला की लाट वेळेआधीच मोडते. जमिनीकडून सुटला की तिचा चेहरा गुळगुळीत राहतो.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे यांतला फरक आपण दोन गुणांसाठी लिहिला असेल. ते दोन गुण इथे वसूल करावेत. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. दहा-अकरानंतर खारा वारा सुरू होतो आणि पाण्याला सुरकुत्या पडतात. सबब सकाळी सहाला पाण्यात असावं. नाश्ता फुकट आहे म्हणून साडेनऊपर्यंत हॉटेलात थांबणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका नाही.

स्वतःची इयत्ता ओळखणे

शिकवणीचा अर्ज भरताना ‘पातळी’ असा एक रकाना येतो. त्यात बहुतेक जण ‘मध्यम’ लिहितात. आपल्याकडे हा शब्द फार सोयीचा : मध्यमवर्ग, मध्यम गोड, मध्यम उंची. समुद्रावर मात्र मध्यम म्हणजे न फुटलेली हिरवी लाट स्वतः ओळखून, स्वतः वल्हवून पकडणारा, तिच्या उतारावर आडवा जाणारा आणि वाटेत कुणी आलं तर बोर्ड वळवता येणारा माणूस. गेल्या वर्षी गोव्यात एकदा उभं राहिल्याचा व्हिडिओ आहे, हा पुरावा ग्राह्य धरला जात नाही.

‘पोहता येतं का?’ या प्रश्नाला ‘हो, सोसायटीच्या तलावात’ असं उत्तर द्यायला हरकत नाही, पण सोसायटीच्या तलावाला तळ दिसतो आणि कडेला पकडायला नळी असते. बोर्ड घोट्याला दोरीने बांधलेला असतो हे खरं. दोरी तुटते हेही तितकंच खरं.

वेलिगामा : जिथे सर्वांनी जावं आणि कुणीच जास्त दिवस थांबत नाही

दक्षिण किनाऱ्यावर, गाल शहरापासून पुढे, चंद्रकोरीसारखा वळलेला हा रुंद उपसागर. तळाला वाळू. उतार सौम्य. लाट साधारणपणे पाण्याच्या खोलीच्या पाऊणपट उंचीला पोचली की फुटते. म्हणजे दोन फुटी लाटेला अडीच फूट पाणी पुरतं. तळ एकदम वर आला की ती एकदम कोसळते, हळूहळू चढत गेला की हळूहळू विरघळते. वेलिगामाचा तळ हळूहळू चढतो. म्हणूनच लाट आपल्याला पाडते, पण मनात काही ठेवत नाही.

शिकवणी वाळूत सुरू होते. प्रशिक्षक बोटाने वाळूत बोर्डाची आकृती काढतो, मधोमध एक रेघ ओढतो आणि म्हणतो, झोपा. आपण पालथे झोपतो. शेजारी एक कुत्रा झोपलेला असतो, तो जराही सरकत नाही. छाती वर, तळवे बरगड्यांशी, बोटं बोर्डाच्या कडेला न पकडता सपाट. मग ‘अप!’ अशी आरोळी येते आणि एका झटक्यात मागचा पाय आडवा, पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये. हे एकाच हालचालीत व्हायला हवं. घावन तव्यावरून सुटतं तसं, अख्खं. पन्नाशीच्या आसपासचे विद्यार्थी ते चार टप्प्यांत करतात : आधी गुडघा, मग दुसरा गुडघा, मग ‘थांब रे बाबा’, मग उभं राहणं. वाळूवर चार टप्पे चालतात. पाण्यात दुसऱ्या टप्प्यापर्यंत लाट निघून गेलेली असते. गुडघ्यावर बसणं ही मुक्कामाची जागा नाही, हे प्रशिक्षक पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. विद्यार्थ्याला पटायला दोन दिवस जातात.

नंतर कमरेएवढ्या पाण्यात, फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसावर सराव. प्रशिक्षक बोर्डाचं शेपूट धरून मागे लाटेकडे बघत उभा असतो, आपण किनाऱ्याकडे बघत पालथे. तो कोणत्या लाटेची वाट बघतोय हे आपल्याला दिसत नाही. अचानक धक्का, आरोळी, नाकात पाणी. चुकून आपण उभे राहिलो तर पायांकडे बघू नये. जिथे बघू तिथे बोर्ड जातो, आणि खाली बघणारा खालीच जातो. नजर किनाऱ्यावरच्या नारळाच्या झाडावर ठेवावी. पडताना डोक्याने सूर मारू नये, पसरट पडावं. वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरावेत, कारण आपला बोर्ड दोरीला ताण बसून परत येत असतो, आणि बऱ्याचदा आपल्याआधी पोचतो.

अशा रीतीने पहिल्या दिवशी जी लाट आपण ‘पकडली’ असं घरी कळवतो, ती प्रशिक्षकाने पकडलेली असते. यात लाजण्यासारखं काही नाही. लाजण्यासारखं आहे ते तिसऱ्या दिवशी वेलिगामाला कंटाळणं. ‘इथे फार गर्दी, सगळे शिकाऊच’ असं म्हणणारा माणूस त्या गर्दीत नेमका कुठे उभा असतो, हे आम्ही पाहिलेलं आहे.

न दिसणारी वाट

वाळूच्या किनाऱ्यावर उंचावर उभं राहून पाणी पाहिलं तर कधी कधी दोन फेसाळ पट्ट्यांच्या मध्ये एक गडद, शांत पट्टा दिसतो. सहकुटुंब आलेला नवशिका हमखास म्हणतो, ‘इथे उतरू, इथे लाटाच नाहीत.’ लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी परत समुद्रात जातं त्याची ती वाट. लाटा तिथे फुटत नाहीत, कारण तळ खोल आहे. आणि तिथला प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. बोर्ड सोडू नये, त्यावर पालथं पडून राहावं, हात वर करावा आणि प्रवाहाला आडवं, किनाऱ्याला समांतर सरकावं. जाणते सर्फर याच वाटेने फुकटात आत जातात. एकाच पाण्यात एकाची सोय आणि दुसऱ्याची बोंब असते. हे एवढं कलम गमतीत लिहिलेलं नाही.

मिदिगामा, कबलाना आणि इतर मोह

वेलिगामापासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर मिदिगामा. एवढंसं रेल्वे स्टेशन, रस्त्याच्या कडेला भाड्याच्या बोर्डांची दुकानं आणि पाण्याखाली खडक. इथली ‘लेझी लेफ्ट’ ही लाट नावाप्रमाणे आळशी : हळू फुटते, लांब जाते, विचार करायला वेळ देते. खऱ्या अर्थाने मध्यम असलेल्यांनी इथे यावं. डावी म्हणजे लाटेवरून किनाऱ्याकडे तोंड करून जाणाऱ्याच्या डावीकडे. किनाऱ्यावर बसलेल्यांना ती उजवीकडे जाताना दिसते. यावरून रात्री जेवताना नवराबायकोत वाद होतात, तेव्हा हे आधीच ठरवून ठेवावं.

खडकाच्या जागी एक गोष्ट बदलते : भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून अधिक फरक पडतो, त्यामुळे श्रीलंकेतला जेमतेम अर्धा-पाऊण मीटरचा फरक पाहून मराठी माणूस त्याला मोजतच नाही. पण खडकावर पाणीच मुळात छातीएवढं असतं. त्यातलं अर्धा मीटर गेलं की खाली राहतात ते समुद्री साळिंदर, काळे, काटेरी आणि आपल्या तळपायाची वाट बघत बसलेले. खडकावर पडल्यावर पाय टेकवून उभं राहू नये. बोर्डावर चढूनच बाहेर यावं. प्रवाळाची जखम दिसायला खरचटल्याएवढी असते, दमट हवेत ती आठवडाभर चिघळते. लगेच स्वच्छ धुवून जंतुनाशक लावावं. ‘समुद्राचं पाणी औषधी असतं’ हे मावशीचं मत इथे लागू नाही.

शेजारीच ‘राम्स’ नावाची उजवी लाट आहे : उथळ खडक, उभी भिंत, आत पोकळ. ती रस्त्यावरून बघावी. खरंच बघण्यासारखी आहे.

अहंगामाजवळ कबलाना. खडकाशी डोंगरासारखी उठून दोन्हीकडे फुटणारी लाट ही जाणत्यांची; वाळूवरची फेसाळ बाजू आपली. एकाच किनाऱ्यावर दोन इयत्ता भरतात, आणि वर्ग चुकण्याची शक्यता इथे सर्वाधिक. पूर्वेला दिकवेल्लाजवळचं हिरिकेतिया म्हणजे घोड्याच्या नालेसारखा इवलासा उपसागर. फोटोत तो रिकामा असतो. प्रत्यक्षात पाण्याला खेटून कॅफे, कॅफेला खेटून बोर्ड, आणि आत एका लाटेवर एवढी माणसं की लोकलच्या डब्याची सवय असलेल्याला घरच्यासारखं वाटावं. सवय नसेल त्याने पहाटे जावं.

अरुगम बे

पूर्वेला पोत्तुविल गावाच्या पलीकडे. कोलंबोहून रस्त्याने अख्खा दिवस. इथे एकच किनारा नाही, एका लांबलचक किनारपट्टीवर टोकामागून टोकं आहेत आणि प्रत्येक टोकाला वळसा घालून लाट उजवीकडे सोललेली निघते. मुख्य ‘मेन पॉइंट’ जाणत्यांचा. चांगल्या दिवशी दोन-तीनशे मीटर घेऊन जातो, खाली खडक. त्याच्याच आतल्या अंगाला, उरलीसुरली लाट येते तिथे ‘बेबी पॉइंट’. नाव ऐकून ज्यांचा स्वाभिमान दुखावतो त्यांनी उत्तरेला ‘व्हिस्की पॉइंट’ला जावं, लाट तितकीच समजूतदार आहे आणि नाव घरी सांगता येतं. (बायकोला सांगताना ‘पॉइंट’ हा शब्द गाळू नये.)

पहाटे पाचला टुकटुक येतं. टपावर लोखंडी आकडे, त्यांत बोर्ड दोरीने बांधलेले, आत चार माणसं आणि बोर्डांच्या मेणाचा वास. दक्षिणेला ‘पीनट फार्म’कडे जाताना रस्त्याला रानहत्ती दिसू शकतात, खाडीत मगरी आहेत. चालक वेग कमी करतो तेव्हा त्याला घाई करू नये. त्याहून पुढे, पानामा गाव ओलांडून ओकंदा. इथे मुरुगनचं देऊळ आहे. आपल्याकडे आषाढात वारी निघते त्याच सुमारास जाफनाकडून कतरगामाला पायी निघालेले भाविक इथे मुक्काम करतात आणि पुढे कुमनाच्या जंगलात शिरतात. सर्फिंगसाठी आलेल्याने आपला बोर्ड जरा बाजूला टेकवून त्या माणसांकडे बघावं. सोयीसुविधांची तक्रार त्यानंतर बहुधा सुचत नाही.

बोर्ड

नवशिक्याला नऊ फुटी मऊ फोमचा बोर्ड लागतो. तो रुंद असतो, तरंगतो, डोक्यावर आपटला तर टेंगूळ येऊन भागतं. नवशिक्याला हवा मात्र सहा फुटी असतो, टोकदार, काखेत मावणारा. सहा फुटी बोर्ड आपल्या वजनाखाली अर्धा बुडतो आणि वल्हवताना आपण जागच्या जागी राहतो. फोटो उत्तम येतो. भाड्याच्या दुकानातला मुलगा आपल्याकडे एकदा खालून वर बघेल आणि न विचारता मोठा बोर्ड काढेल. त्याच्याशी हुज्जत घालू नये. अंगात लांब बाह्यांचा रॅशगार्ड घालावा, नाहीतर दुपारपर्यंत पोटाची आणि छातीची सालटी निघतात. उन्हाचं मलम नाकाला सगळेच लावतात. गुडघ्यामागच्या खळीला आणि पोटऱ्यांना कुणी लावत नाही, आणि पालथ्या माणसाचं तेच सगळ्यांत वर असतं.

लाटेची उंची फुटांत विचारू नये. हवाईतले जुने सर्फर ती मागच्या बाजूने मोजतात, त्यामुळे त्यांची तीन फुटी आपल्या डोक्यावरून जाते. गुडघाभर, कमरेएवढी, छातीएवढी असं विचारावं. आणि ‘कुणाच्या?’ असंही विचारावं, कारण सांगणारा बऱ्याचदा सव्वासहा फुटी ऑस्ट्रेलियन असतो.

पाण्यातला कायदा छोटा आहे. लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. तो निघाला की आपण थांबायचं. आत जाताना फुटत्या लाटेच्या मधून जाऊ नये, कडेने वळसा घालावा. लाट आली म्हणून बोर्ड सोडून बुडी मारू नये. आपल्या मागे कुणीतरी असतं आणि नऊ फुटी बोर्ड अधिक दोरी म्हणजे बऱ्याच लांबपर्यंत आपली जबाबदारी. चूक झाली तर हात वर करून ‘सॉरी’ म्हणावं. वाद घालून लाट परत येत नाही.

किनाऱ्यावरची मंडळी

बरोबर आलेल्या आणि पाण्यात न उतरणाऱ्या नातलगांचाही किनारा निवडताना विचार करावा, कारण पुढच्या सुट्टीचा निर्णय तेच घेणार आहेत. या कसोटीवर वेलिगामा निर्विवाद पहिला. रस्ता लगेच मागे, केशरी शहाळं हातगाडीवर, उपसागरातच तॅप्रोबेन नावाचं टीचभर बेट. त्यावर काउंट द मॉनी नावाच्या गृहस्थाने १९२०च्या दशकात बांधलेला बंगला. संध्याकाळी गालचा किल्ला, रात्री कोत्तु रोटी, जिचा आवाज चवीच्या आधी येतो. पूर्वेला अरुगम बेला यातलं फारसं काही नाही, आणि ‘तू लाटा बघायला आलास, आम्ही काय बघायचं?’ या प्रश्नाला हत्ती हे उत्तर एकदाच चालतं.

नातलगांकडे मोबाइल देऊन व्हिडिओ काढायला सांगावं. काठावरून शंभर मीटरवरची माणसं बोटभर दिसतात, सूर्य समोर असतो, आणि एका शिकवणीतल्या सगळ्यांना सारख्याच रंगाचे रॅशगार्ड दिलेले असतात. रात्री व्हिडिओ पाहताना नारिंगी अंगरख्यातला एक माणूस बोर्डावर सरळ उभा राहून थेट वाळूपर्यंत येताना दिसेल. सासूबाई म्हणतील, ‘हा बघ, तूच!’ तो माणूस आपल्यापेक्षा बारीक असेल, त्याला दाढी असेल. दुरुस्ती सुचवू नये.